सशाचं 'लिटर': स्वस्त, सुरक्षित आणि आपल्याच गावचं

लिटर म्हटलं की आपल्याला दूध आठवतं, नाहीतर पेट्रोल! पण हे लिटर वेगळं. पाळीव प्राण्याच्या शी-शूसाठी पेटीत जे पसरतात, त्यालाही लिटर म्हणतात. पोल्ट्रीवाल्यांना हा शब्द नवा नाही. साताऱ्याच्या आमच्या घरी दोन ससे आहेत, त्यामुळे सुट्टीवरून परत आले की होस्टेलवर हमखास विचारणा होते, "घरात वास येत नाही का गं?" स्टाफ क्वार्टर्समधल्या दोन-तीन घरांतही आता ससे आलेत. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. (होस्टेलच्या रूमवर ससा पाळायला रेक्टर सर परवानगी देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. हा लेख घरच्या सशासाठी आहे, प्लीज!)

वास कुठून येतो?

सशाच्या लेंड्यांना फारसा वास नसतो. खरा प्रश्न लघवीचा. लघवीत युरिया असतो. जिवाणू तो फोडतात आणि अमोनिया तयार होतो. सशाची लघवी मुळातच अल्कधर्मी, म्हणजे पीएच साधारण ८ च्या आसपास. फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा: माध्यम आम्लधर्मी असेल तर अमोनियाचं अमोनियम होऊन तो पाण्यात अडकून राहतो, अल्कधर्मी असेल तर वायू होऊन बाहेर पडतो. म्हणून सशाची ओली पेटी लवकर 'झोंबते'.

आपण पाच फुटांवरून नाक मुरडतो, पण सशाचं नाक त्या पेटीपासून चार बोटांवर असतं! अमोनियाने त्याच्या श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं आणि मग पाश्चुरेला जातीचे जिवाणू घर करतात. सतत शिंका, नाकातून पांढरा स्राव, नाक पुसून पुसून पुढच्या पायांची ओली झालेली लव ही त्याची लक्षणं. थोडक्यात, लिटर हा फक्त स्वच्छतेचा नाही, सशाच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

दोन गोष्टी आधी लक्षात घ्या

पहिली, ससा पेटीत बसून खातो. खाणं आणि शी त्याचं एकाच वेळी चालतं. त्यामुळे पेटीत जे टाकाल ते थोडंफार त्याच्या पोटात जाणारच. दुसरी, सशाला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेलं पुढेच जायला हवं, नाहीतर आतडं तुंबतं. म्हणून कुठलीही वस्तू निवडताना पहिला प्रश्न हाच: 'याने हे खाल्लं तर?'

काय नको?

*मांजराचं लिटर.* पेट शॉपमध्ये सशासोबत बऱ्याचदा हेच हातात ठेवतात. गोळा होणारं जे लिटर असतं, ते बहुतेक बेंटोनाइट मातीचं. सिव्हिलच्या मंडळींना बेंटोनाइट माहीत आहे. पाइलच्या बोअरची माती ढासळू नये म्हणून ज्याची स्लरी भरतात, तेच हे. पाणी मिळालं की फुगतं. हा गुण बोअरमध्ये उत्तम, सशाच्या आतड्यात जीवघेणा. वर त्याची बारीक धूळ. आणि एका पिशवीला काही शे रुपये जातात ते वेगळेच!

*लाकडाचा भुसा.* वखारीत भुसा स्वस्त मिळतो, म्हणून मोह होतो. पण आपल्याकडच्या वखारीत साग, बाभूळ, आंबा, कडुनिंब सगळं एकाच करवतीखाली जातं आणि भुशाचा ढीगही एकच. सागाच्या धुळीने कामगारांच्या अंगाला खाज सुटते, मग सशाच्या नाकाचं काय होईल? एमआयडीसीतल्या देवदारी खोक्यांचा आणि पॅलेटचा भुसा तर नकोच. देवदार, पाइन अशा लाकडांना जो छान वास येतो, तो हवेत उडणाऱ्या तेलांचा. १९६७ साली 'सायन्स' नियतकालिकात एक संशोधन छापून आलं होतं. अशा मऊ लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात औषधं पचवणारी एन्झाइम्स वाढलेली आढळली होती. म्हणजे श्वासातून जाणाऱ्या तेलांचा निचरा करायला यकृताला जादा काम! तेव्हापासून असं लाकूड भट्टीत नीट वाळवल्याशिवाय छोट्या प्राण्यांना वापरू नये असं सांगतात.

इथे कुणी म्हणेल, पॅलेटवर 'एचटी' शिक्का असतो की! हो, पण त्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटं ठेवलं, एवढाच. ते किडे मारण्यासाठी असतं, तेल उडवण्यासाठी नाही. आणि 'एमबी' शिक्का असेल तर लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. लांबच राहा.

*उसाचं जे जे काही.* सातारा-सांगलीत राहून उसाचा विचार मनात येणारच. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत कारखान्यांच्या आवारात बगॅसचे डोंगर दिसतात. पण गाळपानंतर बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असतं, थोडी साखरही उरते. ढिगात ते तापतं आणि बुरशी धरतं. अशा जुन्या बगॅसच्या धुळीने माणसांना होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला तर 'बगॅसोसिस' असं नावच आहे! रसवंतीच्या चिपाडांना मुंग्या आणि माश्या लागतात. पाचटाच्या कडा करवतीसारख्या आणि उसाची कुसं अंगात घुसतात, हे ऊस तोडणाऱ्यांना विचारा. तेव्हा ऊस बाद.

*शेंगांची टरफलं.* ओल लागली की त्यावर बुरशी येते, आणि भुईमुगाच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते थेट यकृतावर जातं. फुकट मिळाली तरी नको.

मग काय वापरायचं?

*रद्दी.* सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी. साधा, काळ्या शाईचा वर्तमानपत्राचा कागद चांगला शोषून घेतो. रंगीत, गुळगुळीत पुरवण्या बाजूला काढा. शाईमुळे कागदात वडे-भजी बांधू नका असं एफएसएसएआयने आपल्याला सांगितलंय, तोच न्याय सशालाही. म्हणून कागद खाली राहील आणि वर दुसरं काही असेल, असं बघायचं. चुकून चार कपटे चावले तर घाबरायचं कारण नाही, पण ससा कागदच जेवत असेल तर मात्र बदला.

*वाळलेलं गवत आणि कडबा.* डोंगरउतारावरचं मारवेल, पवन्या यांसारखं वाळलेलं गवत सशाला खायलाही उत्तम. ते पेटीत वर पसरायचं. जतकडे ज्वारीचा कडबा मिळतो. कडबाकुट्टी मशीनमधून काढलेली कुट्टी चाळून, धूळ झटकून घेतली की खालच्या थरासाठी छान. फक्त कडबा पूर्ण वाळलेला हवा. कोवळी हिरवी ज्वारी जनावरांना विषारी ठरते हे शेतकऱ्यांना माहीतच आहे, त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. पाटण-जावळीकडच्यांनी भाताचा पेंढा घ्यावा.

*भाताचं तूस.* पोल्ट्रीत हेच टाकतात. स्वस्त आहे, पण त्यात सिलिका भरपूर, त्यामुळे पाणी कमी शोषतं आणि टोचतंही. एकटं वापरू नका. कागदावर पातळ थर देऊन वर गवत टाकलं तर चालतं.

*लाकडी पेलेट.* भट्टीत वाळवलेल्या, कुठलंही रसायन न घातलेल्या लाकडाच्या गोळ्या. लघवी पडली की गोळी फुगून तिचा भुगा होतो, त्यामुळे ओला भाग लगेच कळतो. चांगल्या असतात, पण महाग. शिवाय इंधनाच्या सगळ्याच पेलेट लाकडाच्या नसतात, कशापासून केल्यात ते विचारूनच घ्या.

आपला आपण प्रयोग

इंजिनिअरिंगला आहोत तर ऐकीव गोष्टींवर का विसंबायचं? प्रत्येक वस्तू कोरडी १०० ग्रॅम घ्या, जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधा, दहा मिनिटं पाण्यात बुडवा, दहा मिनिटं निथळत टांगून ठेवा आणि पुन्हा वजन करा. ओढणीचा तेवढाच ओला तुकडा वेगळा तोलून तो वजा करा. वाढलेलं वजन म्हणजे शोषलेलं पाणी. आता त्याला १०० ग्रॅमच्या किमतीने भागा. एका रुपयात कोण किती पाणी पितो ते कळेल! मात्र हा आकडा फक्त 'सुरक्षित' यादीतल्या वस्तूंसाठीच बघायचा, नाहीतर बेंटोनाइट पहिला यायचा.

पेटी अशी भरा

पसरट प्लास्टिकचं घमेलं किंवा टब घ्या. तळाला कागदाचे पाच-सहा थर, त्यावर दोन-तीन बोटं कुट्टी, वर मूठभर गवत. नुसती तारेची जाळी सशाच्या पायाखाली नको, तळव्यांना जखमा होतात. ससा स्वतःच एक कोपरा ठरवतो, पेटी तिथेच ठेवा. ओला भाग रोज काढा, सगळं लिटर दोन-तीन दिवसांनी बदला. पावसाळ्यात मात्र रोज, कारण साताऱ्याच्या पावसात कडबासुद्धा घाम फुटल्यासारखा ओला होतो. काळपट किंवा कुबट वाटला तर सरळ फेका.

घमेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. सशाचं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जातं म्हणून. घासत बसू नका, पांढरा व्हिनेगर टाकून ठेवा, आपोआप फसफसून सुटतो. फिनेल वापरू नका. आणि लघवीवर ब्लीचिंग पावडर तर कधीच नको! अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, तो सशाला आणि आपल्यालाही घातक.

काढलेलं लिटर वाया जात नाही. कागद, कुट्टी आणि लेंड्या यांचं उत्तम कंपोस्ट होतं. गल्लीतले माळीकाका आनंदाने घेऊन जातात.

शेवटचं, पण महत्त्वाचं

रोज पेटी साफ करण्याचा खरा फायदा म्हणजे रोजची तपासणी. सशाने दहा-बारा तास लेंडीच टाकली नाही किंवा खाणं सोडलं, तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याचं आतडं थांबलेलं असू शकतं. लगेच पशुवैद्यकाकडे न्या. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे लक्षात असू द्या. आणि हो, रानातला ससा पकडून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, शिवाय त्याची आणि पाळीव सशाची जातच वेगळी.

ससा ओरडत नाही, भुंकत नाही, तक्रार करत नाही. त्याचं काय बिनसलंय ते त्याची पेटीच सांगते. तेव्हा रोज दोन मिनिटं तिच्याकडे बघा. खर्च? घरातली रद्दी आणि एक पेंडी कडबा!