दुष्काळ आणि चोच

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, प्रशांत महासागरात गॅलापागोस नावाची बेटे आहेत. चार्ल्स डार्विन १८३५ साली तेथे गेला होता. पुढे १८५९ मध्ये त्याने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. पण अशी निवड घडताना त्याला प्रत्यक्ष पाहता आली नाही. ती संधी पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ पतिपत्नींना मिळाली.

१९७३ पासून ते डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर जात असत. तेथे फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी राहतात. ते एकेक पक्षी पकडत, त्याच्या पायात कडी घालत, चोच मोजत आणि त्याला सोडून देत. काम कंटाळवाणे खरे. पण याच नोंदी पुढे मोलाच्या ठरल्या.

१९७७ च्या पावसाळ्यात तेथे जेमतेम २४ मिलिमीटर पाऊस पडला. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी लवकरच संपवल्या. उरली ती टणक, काटेरी फळे. ती आपल्याकडील सराट्याच्याच कुळातली. सराटा म्हणजेच गोखरू. तो अनवाणी पायात रुतला की किती कठीण असतो, हे सांगायला नको! ते फळ जाड चोचीच्या पक्ष्यालाच फोडता येई. बाकीचे उपाशी मेले. मध्यम आकाराच्या फिंचांची संख्या सुमारे १२०० वरून १८० वर आली. वाचलेल्यांच्या चोचीची जाडी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त भरली.

कोणत्याही पक्ष्याने धडपड करून आपली चोच वाढवली नव्हती. जाड चोच त्याला आईबापांकडून मिळाली होती. १९७८ मध्ये जन्मलेल्या पिल्लांच्या चोचीही सरासरीने सुमारे ४ टक्के जाड निघाल्या. मात्र मोठी चोच नेहमीच चांगली, असे नाही. १९८३ मध्ये अतोनात पाऊस झाला, बारीक बियांचे पीक आले आणि त्यानंतर लहान चोचीचे पक्षी अधिक तगले.

असे लहान फरक हजारो पिढ्या साठत गेले, की वेगळ्या जाती निर्माण होतात. या फिंचांच्या आज सतरा-अठरा जाती आहेत. कोणी बिया फोडतो, कोणी किडे टिपतो, तर कोणी निवडुंगावर जगतो. त्यांच्या डीएनएच्या तपासणीवरून त्या सर्वांचा पूर्वज एकच होता असे दिसते. २०१६ मध्ये चोचीच्या आकारमानाशी संबंध असलेले एक जनुकही सापडले. त्यासाठी लागलेले रक्ताचे थेंब ग्रँट पतिपत्नींनी त्याच बेटावर, पक्षी मोजता मोजता, जमवून ठेवले होते.