हातोडा, कुत्रा आणि क्रेमलिन

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये सायकॉलॉजी कशाला, असं म्हणून पान उलटू नका. प्लेसमेंटच्या सीझनला आपण सगळे जी ॲप्टिट्यूड टेस्ट देतो ती या विषयाचीच देणगी आहे. आणि एका मोठ्या देशाने १९३६ साली एक सरकारी ठराव करून अशा टेस्ट्स शाळांमधून हद्दपार केल्या होत्या. (लगेच खूश होऊ नका, आपल्याकडे असं काही होणार नाही!)

ओहमचा नियम मुंबईत वापरा नाहीतर मॉस्कोत, करंट तेवढाच वाहतो. सरकार बदललं म्हणून रेझिस्टन्स बदलत नाही. सायकॉलॉजीचं मात्र जरा अवघड आहे, कारण ती माणसाबद्दल बोलते. माणूस जन्मतःच हुशार असतो की परिस्थिती त्याला घडवते? त्याला बाहेरून बदलता येतं का? तो स्वतः काही ठरवतो, की फक्त रिॲक्ट होतो? आता या प्रश्नांवर प्रत्येक राजवटीची उत्तरं आधीच तयार असतात. शास्त्रज्ञाचं उत्तर त्यांच्याशी जुळलं तर ग्रँट, नाही जुळलं तर पंचाईत. याचं सोव्हिएत रशियाइतकं ठळक उदाहरण मला तरी दुसरं सापडलं नाही.

१९१७ साली तिथे क्रांती झाली. नवा समाज म्हटल्यावर नवा माणूस हवा! मॉस्कोत मानसशास्त्राची एक मोठी इन्स्टिट्यूट होती, क्रांतीच्या आधी चेल्पानोव्ह यांनी उभी केलेली. प्रयोगावर चालणाऱ्या शास्त्राला मार्क्सवादाचं लेबल लावायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. १९२३ मध्ये त्यांना बाजूला करण्यात आलं आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले कोर्निलोव्ह 'मार्क्सवादी मानसशास्त्र हवं' असं म्हणत त्यांच्या खुर्चीवर बसले. इथे वाटेल की संपलं सगळं. पण गंमत म्हणजे पुढची काही वर्षं या विषयाची तिथे चांगलीच भरभराट झाली. सरकारला माणूस घडवायचा होता, त्यामुळे लॅब मिळत होत्या, काम मिळत होतं, आणि तिशीच्या आतली पोरं मोठमोठे प्रश्न हातात घेत होती. त्यातलाच एक लेव्ह व्हिगोत्स्की. कायद्याचा पदवीधर, गोमेलसारख्या लहान गावातला शिक्षक. १९२४ मध्ये त्याने एका परिषदेत भाषण केलं, आणि त्याला मॉस्कोला बोलावून घेतलं.

पण आपल्या कामाची गोष्ट आहे ती हातोड्याची. टेलरसाहेबांची टाइम अँड मोशन स्टडी मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांना पाठ असते. ती लेनिनलाही आवडली होती, भांडवलशाहीतली असूनसुद्धा. १९२० मध्ये मॉस्कोत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर निघाली. तिचे प्रमुख अलेक्सेई गास्तेव्ह, म्हणजे एकेकाळचे धातुकामगार आणि कवी (असं कॉम्बिनेशन आपल्या वर्कशॉपमध्ये मिळेल का?). तिथे शिकाऊ कामगाराच्या हातात असा हातोडा द्यायचे जो मशीनच वरखाली हलवायचं. हेतू असा की मशीनची लय हाताच्या अंगवळणी पडावी.

१९२२ मध्ये तिथे निकोलाय बर्नस्टाइन नावाचा तरुण डॉक्टर आला. कामगाराच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला त्याने छोटे छोटे दिवे बांधले आणि छिन्नीवर हातोडा मारतानाच्या हालचालीचे फोटो घेतले. संस्थेला हवी होती घाव घालण्याची एकच आदर्श पद्धत. बर्नस्टाइनला दिसलं भलतंच. कसलेला कामगार शंभर घाव घालतो तेव्हा खांदा आणि कोपर दर वेळी थोडा वेगळा रस्ता घेतात, पण हातोडा मात्र बरोबर छिन्नीवरच पडतो. म्हणजे मेंदू रेकॉर्ड केलेली कॅसेट वाजवत नाही. हात आत्ता कुठे आहे याची खबर त्याला सतत मिळते आणि तो चालता चालता दुरुस्ती करतो. कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर दिलेल्यांनी ओळखलं असेलच, हा तर क्लोज्ड लूप! बर्नस्टाइनने हे १९३५ मध्ये लिहून ठेवलं होतं. नॉर्बर्ट वीनर यांचं 'सायबरनेटिक्स' आलं १९४८ मध्ये.

एवढ्यात हवा बदलली होती. तिशीच्या दशकात स्टॅलिनची पकड घट्ट झाली आणि पहिला दणका टेस्टवाल्यांना बसला. ट्राम ड्रायव्हर, कामगार यांची निवड चाचण्या घेऊन करण्याचं शास्त्र, म्हणजे सायकोटेक्निक्स, तिथे जोरात होतं. त्याचे नेते इसाक श्पीलराइन यांनी १९३१ मध्ये मॉस्कोत आंतरराष्ट्रीय परिषदही भरवली. १९३५ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घातली. गास्तेव्ह यांचाही शेवट तसाच, १९३९ मध्ये.

मधे ४ जुलै १९३६ ला पक्षाच्या सेंट्रल कमिटीचा तो ठराव आला. शाळांमध्ये 'पेडॉलॉजिस्ट' म्हणजे बालअभ्यासक नेमलेले असत. ते मुलांच्या टेस्ट घ्यायचे आणि कमी मार्क पडणाऱ्यांना खास शाळांत पाठवायचे. त्यात भरणा कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांचा. राज्य कामगार-शेतकऱ्यांचं, आणि 'मंद' ठरतात त्यांचीच मुलं! हे सहन होणं शक्यच नव्हतं.

खरं सांगायचं तर ठरावातली तक्रार काही अगदीच खोटी नव्हती. पुस्तकं, चित्रं, पेन्सिल हे घरात न पाहिलेल्या मुलाला टेस्ट दिली तर टेस्ट त्याचं घर मोजते, डोकं नाही. हीच चूक अमेरिकेतही झाली होती. पहिल्या महायुद्धात तिथल्या लष्कराने सुमारे १७ लाख रिक्रूट्सच्या टेस्ट घेतल्या. अमेरिकन आयुष्य माहीत नसेल तर अडतील असे प्रश्न त्यात होते. नव्याने आलेल्या युरोपियन लोकांना अर्थातच कमी मार्क पडले. १९२३ मध्ये ब्रिगहॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यावरून 'हे वंशच कमी बुद्धीचे' असा निष्कर्ष छापला. तेव्हा बाहेरच्यांना येऊ देऊ नका असं म्हणणाऱ्यांची तिथे चलती होती, त्यांना तो सोयीचाच होता. फरक पुढे पडला. अमेरिकेत त्यावर उघड टीका झाली आणि १९३० मध्ये ब्रिगहॅमनेच आपले निष्कर्ष मागे घेतले. रशियात अख्खा विषयच बंद झाला. मीटर चुकीचं रीडिंग देतोय म्हटल्यावर आपण तो कॅलिब्रेट करतो. इथे मीटर फोडला आणि मीटरवाल्यालाही घरी बसवलं.

व्हिगोत्स्की हे बघायला नव्हता. टीबीने तो १९३४ मध्येच गेला, वय ३७. पण पेडॉलॉजीवर लिहिलेलं असल्यामुळे त्याची पुस्तकं जवळपास वीस वर्षं दिसेनाशी झाली. आज बी.एड. करणाऱ्या कोणालाही विचारा, व्हिगोत्स्की सिलॅबसमध्ये असतोच. त्याचा मित्र अलेक्झांडर लुरिया. तो १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना तो असे प्रश्न विचारायचा: उत्तरेला जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेला बर्फात आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर यायचं, आम्ही तिथे गेलो नाही, जो गेलाय त्याला विचारा. (मला हे उत्तर व्हायवात द्यावंसं वाटतं.) शाळेत थोडंफार शिकलेले मात्र पटकन 'पांढरी' म्हणायचे. म्हणजे शाळा आली की विचार करण्याची रीत बदलते, असं लुरियाचं म्हणणं. खरं तर सरकारला हे आवडायला हवं होतं. पण 'तुम्ही आमच्या बांधवांना मागासलेले म्हणता' असा ठपका आला आणि ते काम १९७४ पर्यंत पुस्तकरूपात आलंच नाही. लुरियाने शहाणपणा केला. त्याने मेडिकलची डिग्री घेतली आणि मेंदूच्या जखमांकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात डोक्यात गोळी लागलेले हजारो सैनिक आले, तेव्हा कोणी त्याला विचारधारा विचारली नाही. न्यूरोसायकॉलॉजी या शाखेत आज त्याचं नाव फार मोठं आहे, आणि तो तिकडे ढकलला गेला त्यात त्या राजवटीचाही हात आहे.

आता कुत्रा. पाव्हलोव्हची घंटा आणि लाळ सगळ्यांना माहीत आहे. १९०४ चे नोबेलविजेते, आणि बोल्शेविकांना तोंडावर बोलणारा माणूस. तरी लेनिनने १९२१ मध्ये खास हुकूम काढून त्यांच्या लॅबची आणि रेशनची सोय केली. पाव्हलोव्ह १९३६ मध्ये वारले आणि त्यानंतर सरकारने त्यांचा देव केला. कारण उघड आहे. ते रशियन होते, आणि त्यांच्या थिअरीत आत्मा वगैरे भानगड नव्हती. शिवाय वागणं हे बाहेरच्या स्टिम्युलसने घडतं म्हटलं की माणूस हवा तसा घडवता येतो. २८ जून ते ४ जुलै १९५० या आठवड्यात मॉस्कोत दोन अकादमींचं अधिवेशन झालं. शरीरशास्त्र, मनोविकारशास्त्र, सायकॉलॉजी, सगळ्यांनी यापुढे पाव्हलोव्हच्याच वाटेने चालायचं असं तिथे ठरलं. पाव्हलोव्हचे स्वतःचे शिष्य ओर्बेली यांचीसुद्धा पदं गेली.

या साठमारीत बर्नस्टाइनही सापडला. १९४८ मध्ये त्याच्या हालचालींवरच्या पुस्तकाला खुद्द स्टॅलिन पारितोषिक मिळालं होतं, पण दोनेक वर्षांत लॅब आणि नोकरी दोन्ही गेलं. रिफ्लेक्स हा वन-वे रस्ता आहे, त्याने हातोडा चालत नाही, परत येणारी वायर लागते, एवढंच तर तो म्हणत होता. सायबरनेटिक्सलाही १९५४ च्या एका सरकारमान्य तत्त्वज्ञानकोशात 'प्रतिगामी छद्मविज्ञान' म्हणून टाकलं. मग स्टॅलिननंतर वारा फिरला. रॉकेट फीडबॅकशिवाय उडत नाही हे क्रेमलिनला कोणी समजावून सांगावं लागलं नसेल! १९५६ मध्ये व्हिगोत्स्की पुन्हा छापला गेला. १९६६ मध्ये मॉस्को युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीची स्वतंत्र फॅकल्टी झाली आणि आंतरराष्ट्रीय सायकॉलॉजी काँग्रेसही तिथेच भरली. बर्नस्टाइन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

त्याच्या एका पुस्तकाबद्दल सांगायचं राहिलं. पाव्हलोव्हच्या थिअरीवर टीका करणारं हे पुस्तक १९३६ मध्ये छपाईला तयार होतं. तेवढ्यात पाव्हलोव्ह वारले. ज्याला उत्तर देता येणार नाही अशा माणसाशी वाद घालायचा नाही म्हणून बर्नस्टाइनने स्वतःच ते थांबवलं. पुढे छापायची सोयच उरली नाही. ते पुस्तक २००३ साली बाहेर आलं.