एका तबकडीचे पाठभेद

जुन्या पोथ्यांचे पाठभेद आपणांस परिचित आहेत. ग्रंथकर्ता एक लिहितो, नकलकार दुसरेच उतरवतो, आणि मूळ पाठ शोधता शोधता संशोधकांची हयात सरते. यंत्राने काढलेल्या नकलेत असे घडावयाचे नाही, असा आपला समज असतो. तो समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आम्ही येथे एका तबकडीची हकीकत सांगणार आहोत.

जॉनी थंडर्स हा न्यूयॉर्कचा गिटारवादक. मोजके सूर, धावती लय, कर्कश गिटार आणि नटवेपणाचा मुद्दाम केलेला त्याग, अशा ज्या संगीताला ‘पंक रॉक’ म्हणतात, त्याच्या अध्वर्यूंत त्याची गणना होते. त्याच्या ‘हार्टब्रेकर्स’ या संचात दुसऱ्या गिटारवर वॉल्टर लूर, बास गिटारवर बिली राथ व ड्रमवर जेरी नोलन असत. १९७६ च्या अखेरीस ही मंडळी इंग्लंडात आली, आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये लंडनच्या ‘ट्रॅक रेकॉर्ड्स’ने त्यांची ‘एल. ए. एम. एफ.’ ही तबकडी काढली. ज्यांनी त्यांना रंगमंचावर ऐकले होते, ते निराश झाले. गोधडीआडून यावा तसा तिचा आवाज दबलेला होता.

दोष कोठे होता? हे कळण्यासाठी तबकडी कशी तयार होते ते पाहू. निरनिराळी वाद्ये प्रथम फितीच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर मुद्रित होतात. मग कोणते वाद्य किती पुढे, किती मागे हे ठरवून त्यांचे मिश्रण करतात. त्या मिश्रित फितीवरून ‘लॅकर’च्या चकतीवर खाच कोरली जाते, तिच्यापासून धातूचा साचा निघतो आणि साच्यातून विक्रीच्या तबकड्या दाबून काढतात. मिश्रण कलावंताच्या हाती असते. पुढचे सारे कारागिराच्या.

संचातील मंडळींनी दोष मिश्रणाचा मानला. महिनोन् महिने एकामागून एक मिश्रणे झाली. अखेर वैतागून नोलन संच सोडून गेला. वास्तविक त्याच ध्वनिमुद्रणाची कॅसेट बरी वाजत होती. म्हणजे विघ्न बहुधा तबकडी कोरण्या-दाबण्यात होते. परंतु तोवर मैत्री तुटली होती, आणि पुढे कंपनीही बुडाली.

नंतर दुरुस्तीचे पर्व सुरू झाले. १९८४ मध्ये थंडर्सने टोनी जेम्स यांच्यासह मूळ फितींवरून नवे मिश्रण केले आणि ते ‘जंगल रेकॉर्ड्स’ने काढले. १९९४ मध्ये याच कंपनीने १९७७ च्या अप्रकाशित मिश्रणांतून निवड करून दुसरी आवृत्ती सिद्ध केली. २०१२ मध्ये चार सीडींचा संच आला. पुढे ‘ट्रॅक’च्या एका चालकाच्या संग्रहात १९७७ च्या मिश्रित फितीची प्रत मिळाली. तिच्यावरून २०२१ मध्ये आवृत्ती निघाली आणि आवाज स्वच्छ आला.

तो ऐकावयास चौघांपैकी कोणीही उरले नव्हते. थंडर्स १९९१ मध्ये, नोलन १९९२ मध्ये, राथ २०१४ मध्ये आणि लूर २०२० मध्ये निवर्तले होते.

पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच माल नव्या वेष्टनात, असे आपण सहज म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कधी कधी ते उशिरा मिळालेल्या न्यायासारखे असते. वाजवणाऱ्यांच्या हातून चूक झाली नव्हती, एवढे सिद्ध होण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली.