पाटाची किंमत

नाशिककराला भांडे कसे पारखावे हे शिकवावे लागत नाही. भांडीबाजारात शिरायचे, हंडा उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, टिचकी मारायची आणि नाद ऐकून ‘दुसरा दाखवा’ म्हणायचे! आमच्या वडिलांनी संसारातले सारे तांबे-पितळ असेच घेतले, आणि त्याच विद्येच्या जोरावर मीही साठी ओलांडली. पण गेल्या पावसाळ्यात मला अशी एक वस्तू घ्यायला जावे लागले, की जिला टिचकी मारून काही उपयोग नाही. ती वस्तू म्हणजे संगणकाचा मदरबोर्ड.

त्याचे असे झाले. आमची धाकटी कन्या वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. इमारतीची चित्रे संगणकावर काढायची आणि त्यांच्यावर खरी वाटावी अशी ऊन-सावली चढवायची, हे तिचे काम. तिच्या जुन्या लॅपटॉपला एका चित्राला तीन-तीन तास लागत, आणि पुष्कळदा तिसऱ्या तासाला तो तापून बंद पडे. मग पोरगी रात्री दोन वाजता पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करी. हे काही आम्हां उभयतांना पाहवेना. तिच्या कामाला पुरेल असा नवा लॅपटॉप आमच्या आवाक्याबाहेरचा. तेव्हा सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवावा असे ठरले. माझी जुनी स्कूटर विकली. याच स्कूटरवर पुढे उभी राहून ही पोर बालवाडीत जात असे. त्या पैशांत सौभाग्यवतींच्या भिशीची भर पडली आणि साठ हजारांची रक्कम उभी राहिली.

यादी कन्येने केली, हिशेब माझ्याकडे आला. चाळीस वर्षे हिशेब लिहिलेला मनुष्य मी. यादी पाहताच कात्री कोठे लावायची हे मी ताडले. प्रोसेसर म्हणजे मेंदू, त्याला हात लावायचा नाही. मेमरी हवीच. राहता राहिला मदरबोर्ड. हे सगळे भाग ज्याच्यावर बसवायचे तो! मी म्हटले, “जेवायला बसायचा पाट सागवानी असला काय नि आंब्याच्या फळीचा असला काय, ताटातले पक्वान्न तेच. पाटावर कसले पैसे घालायचे?” कन्या काही बोलायला गेली, पण स्कूटर माझी होती, ती गप्प बसली. मी दुकानातला सर्वांत स्वस्त, साडेसात हजारांचा बोर्ड उचलला.

शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिने सारे जुळवले. मोठ्या हलक्या हाताने प्रोसेसर बसवला, मेमरीच्या पट्ट्या दाबल्या, वायरी जोडल्या. सौभाग्यवतींनी दृष्ट लागू नये म्हणून देवापुढे उदबत्ती लावली. बटण दाबले. पंखे फिरू लागले. आणि पडदा काळा तो काळाच!

पुन्हा दाबले. पुन्हा तेच. प्रबंध सादर करायला बारा दिवस राहिले होते, आणि यादीतला सर्वांत महागडा भाग त्या काळ्या पडद्यामागे जिवंत होता की मेला, हे कळायला मार्ग नव्हता. मला कोणी एका शब्दानेही बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते. त्या रात्री घरात भांड्याला भांडेही लागले नाही.

सकाळी कन्येनेच छडा लावला. बोर्डावर एक इवलासा दिवा जळत होता आणि त्याच्यापाशी प्रोसेसरची खूण होती. गंमत अशी की प्रोसेसर चांगला होता, बोर्डही चांगला होता. फक्त दोघांची ओळख नव्हती! प्रत्येक मदरबोर्डावर एका लहानशा चिपमध्ये ‘बायॉस’ नावाचा प्रोग्रॅम असतो. वीज आली की तो आधी जागा होतो आणि कोण कोण आले आहे ते तपासतो. आमचा प्रोसेसर २०२४ मध्ये निघालेल्या पिढीतला. बोर्ड त्याच्या आधीपासून कपाटात पडून असलेला. जुना राखणदार नव्या सुनेला कसा ओळखणार? त्याने दारातच अडवले होते.

आम्ही पिशवी घेऊन दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने एक जुना प्रोसेसर बसवून बायॉस नवा केला, मग आमचा बसवला, आणि पाचव्या मिनिटाला पडदा उजळला. माझा जीव भांड्यात पडला. कन्या म्हणाली, “बाबा, चालतंय ना आता? राहू द्या हाच.”

पण माझ्यातला भांडी पारखणारा नाशिककर आता जागा झाला होता. मी स्टूल ओढून बसलो आणि त्या तरुणाला म्हटले, “मला समजावून सांगा. हा बोर्ड करतो काय?” त्याने जे सांगितले आणि मी वहीत जे टिपले, ते आपल्यापैकी ज्यांच्या घरी हा प्रसंग येणार आहे त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून देतो.

पहिली गोष्ट, सॉकेट. प्रत्येक सोऱ्याची चकती वेगळी. दुसऱ्याची घातली तर बसत नाही. प्रोसेसरचे तसेच आहे. आमचा ‘एएम-५’ सॉकेटाचा. त्याच्या तळाशी १,७१८ संपर्कबिंदू. शेजारच्या कपाटातला इंटेलचा ‘एलजीए १७००’ त्यात बसणे नाही. मेमरीचीही तीच कथा: डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क, पण खाच वेगळ्या जागी. सॉकेट किती वर्षे चालणार हेही पाहावे. याच कंपनीच्या आधीच्या ‘एएम-४’ सॉकेटाचे पहिले रायझेन २०१७ मध्ये आले आणि त्यात बसणारे नवे प्रोसेसर २०२४ मध्येही निघाले. म्हणजे मेंदू बदलला तरी पाट तोच!

दुसरी गोष्ट, वीज. ही मला सर्वांत नवलाची वाटली. गंगापूर धरणाचे पाणी कोणी सरळ वाफ्यात सोडत नाही. कालवा, चारी असे करीत ते रोपापर्यंत बेताने पोहोचते. बोर्डावर हेच काम चालते. बाहेरून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला हवे असतात एक-सव्वा व्होल्ट. शंभर वॅट घेणारा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर चालला तर प्रवाह होतो ८० अँपिअर! आपला न्हाणीघरातला दोन हजार वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, यावरून कल्पना करावी. हे काम करणारे भाग स्वस्त बोर्डावर मोजके असतात आणि त्यांच्यावर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळाही नसतो. दहा मिनिटांच्या कामाला ते पुरतात. रात्रभर चित्र रंगवायचे असेल तर तापतात, आणि मग प्रोसेसरला वेग आवरावा लागतो.

तिसरी गोष्ट, जागा. माझ्या स्वस्त बोर्डावर मेमरीच्या दोनच खाचा होत्या, दोन्ही भरलेल्या. पुढे मेमरी वाढवायची तर असलेल्या पट्ट्या काढून टाकायच्या. साठवणीची एम-डॉट-टू पट्टी बसायलाही एकच जागा. चौथी गोष्ट, बायॉस प्रोसेसरशिवाय नुसत्या पेनड्राइव्हवरून नवा करण्याचे बटण. ते असते तर आमची शनिवारची रात्र वाचली असती.

हे सारे ऐकताना मला एक जुनी हकीकत आठवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गणकयंत्र घरचेच म्हणावे असे हाताने बांधले. १९६० मध्ये ते चालू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि जोडणी उभ्या सांगाड्यांवर पसरलेली. ते जोडकाम आता २४ सेंटिमीटरच्या चौकोनी फळीत मावते. म्हणून काय ती नुसती फळी झाली?

दुकानदाराने चार खाचांचा, जाड धातूच्या ठोकळ्यांचा, बटण असलेला बोर्ड दाखवला. किंमत साडेबारा हजार. उघडलेला बोर्ड परत घेताना पाचशे कापले. चूक माझी, तक्रार कोणाकडे करू? कन्या माझा हात धरून म्हणाली, “बाबा, नको. तुम्हांला जुनी स्कूटर घ्यायची होती ना उरलेल्या पैशांत?”

ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. तिने कशावरून ओळखले, देव जाणे.

मी म्हटले, “सिटीलिंकची बस आपल्या कोपऱ्यावर थांबते. आणि पाटाची किंमत मला आज कळली आहे, ती मोजू दे.”

बारा दिवसांनी प्रबंध वेळेवर गेला. तीन तासांचे चित्र आता पाऊण तासात होते, आणि रात्री अकराला तिच्या खोलीतला दिवा मालवतो. जिन्याखाली स्कूटरची जागा अजून मोकळी आहे. त्या बोर्डाचा रिकामा खोका सौभाग्यवतींनी टाकू दिला नाही. यंदाच्या पणत्या त्यातच ठेवल्या आहेत.

मी काल त्या खोक्यावर सहज टिचकी मारून पाहिली. नाद काही आला नाही!