बंद संगणकाला वीज कशाला?

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या संगणकांची भिंतीवरची बटणे बंदच होती. तरीही जूनमध्ये संगणक सुरू करताच पडद्यावर तारीख-वेळ बरोबर! हे कसे?

संगणकाच्या मदरबोर्डवर २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा चपटा लिथियम सेल असतो. त्याच्या विजेवर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. ती पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका मिळतो.

भिंतीवरचे बटण चालू ठेवून संगणक 'शट डाउन' केला, तर मात्र पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्ट पुरवतच राहतो. घड्याळ सहसा त्याच विजेवर चालते; सेल वाचतो.

मग भिंतीवरचे बटण बंद करावे की नाही? हिशेब करू. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळाला ५ मायक्रोअँपिअर लागतात असे धरले, तर सेल ४४,००० तास, म्हणजे सुमारे पाच वर्षे पुरेल. उलट, बंद संगणक २ वॅट घेतो आणि रोज २० तास बंद असतो असे समजा. असे २० संगणक वर्षाला २९२ युनिट वीज खातील! तेव्हा बटण बंद करणेच शहाणपणाचे.

तारीख वारंवार चुकू लागली, तर सेल संपला असे समजा. तो बदलण्यापूर्वी शिक्षकांना सोबत घ्या आणि प्लग काढायला विसरू नका. 'बंद' दिसणाऱ्या संगणकातही वीज असते, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच!