आंब्याखाली कोणती हिरवळ लावाल?

आंब्याखाली हौसेने लावलेली हिरवळ वर्षभरात विरळ होते आणि माती उघडी पडते. चूक बहुतेक वेळा गवताच्या निवडीतच असते. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, भर उन्हात वाढणारी. सावलीतली एक काडी उपटून पाहा: दोन पेरांतलं अंतर वाढलेलं, पानं मोजकी. प्रकाश शोधताना तिची सारी शक्ती लांब होण्यातच खर्ची पडते.

अशा जागी कार्पेट ग्रास लावावं. मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं हे गवत रुंद पानांनी कमी प्रकाशातही तग धरतं. जमिनीलगत धावणाऱ्या खोडांनी पसरतं, फारसं उंच होत नाही, त्यामुळे कापणीही कमी लागते. मात्र त्याला ओलावा हवा. झाडाची मुळंही तेच पाणी ओढतात, म्हणून उन्हाळ्यात त्याच्याकडे लक्ष ठेवा. पाणी सकाळी द्या. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी लवकर धरते. कापताना पाचेक सेंटीमीटर उंची राखा, कारण पान हेच गवताचं स्वयंपाकघर.

ऊन अजिबातच पोचत नसेल, तर गवताचा हट्ट सोडून मोंडो ग्रास लावा. नावात ग्रास असलं तरी ते शतावरीच्या कुळातलं आहे, आणि त्याला कापणी जवळजवळ लागतच नाही.