लातूरच्या नळास येतें तें काय?

पाणी आलें कीं नाहीं, हा प्रश्न लातूर शहरानें इतकीं वर्षें विचारला आहे कीं, आलेलें पाणी कसें आहे हा दुसरा प्रश्न विचारण्यास त्यास सवडच मिळाली नाहीं. इ. स. 2016 च्या मार्च महिन्यांत पाण्याच्या टांक्यांभोंवतीं जमाव होऊं नये म्हणून तेथें 144 कलम पुकारावें लागलें. परकी अंमलांत जें कलम सभा व मिरवणुकी बंद पाडण्यासाठीं उपयोगांत येई, तें स्वराज्यांत घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायांस लागू व्हावें, यावर अधिक भाष्य करण्याची जरुरी नाहीं. पुढें 12 एप्रिल रोजीं मिरजेहून सुमारें 340 किलोमीटरचा मार्ग आक्रमून कृष्णेच्या पाण्याची पहिली आगगाडी लातुरांत आली. तींत दहा वाघिणी व सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. मागाहून पन्नास वाघिणींची गाडीही सुरू झाली. अशा शहरापुढें पाण्याच्या गुणदोषांची चर्चा करणें म्हणजे उपाशी माणसास चवीबद्दल विचारणें होय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. तुटवडा व अशुद्धता या दोन निराळ्या आपत्ति नसून पहिलीच्या पोटीं दुसरी जन्मास येते. धरण आटलें कीं लोक विंधनविहिरीकडे वळतात व विंधनविहिरीचें पाणी जड असतें. आणि नळ आठ आठ दिवस कोरडा राहिला कीं रिकाम्या नळींतील दाब नाहींसा होऊन शेजारच्या गटाराचें पाणी फुटक्या सांध्यांतून आंत शिरतें.

यांपैकीं जडपणा हा सर्वांच्या डोळ्यांपुढचा दोष आहे. तुरीची डाळ तासभर चुलीवर राहूनही शिजत नाहीं, साबण फेंसाऐवजीं मळकट साय सोडतो, बंबाच्या व गीझरच्या पोटांत पांढरा थर जमून विजेचें बिल वाढतें आणि शेवटीं कॉइलच जळते. याचें कारण जमिनींत आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकांतून झिरपणारें पाणी मातींतील कार्बन डायऑक्साइड वायूच्या योगानें किंचित् आम्लधर्मी होतें, व वाटेंत भेटेल तें कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेतें. पाणी जितकें खोल व जितकें जुनें, तितका हा बोजा साधारणतः अधिक. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपांत असले तर पाणी उकळल्यानें ते तळाशीं बसतात व पाणी हलकें होतें. सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपांत असले तर कितीही उकळलें तरी जात नाहींत. शाळेच्या पुस्तकांत यासच दुष्फेन पाणी म्हणतात. आमच्या घरोघरच्या स्त्रियांनीं मात्र पुस्तक न उघडतांच डाळीवरून त्याची परीक्षा केव्हांच केलेली आहे.

भारतीय मानक संस्थेच्या 2012 सालच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रमाणांत एकूण जडपणा लिटरमागें 200 मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य धरला असून दुसरा उगमच उपलब्ध नसेल तर 600 पर्यंत सवलत दिली आहे. ही सवलत अपवाद म्हणून आहे, हें आमच्या नगरसंस्थांच्या अधिकाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. ‘600 च्या आंत आहे, सबब तक्रारीस जागा नाहीं’ हें उत्तर म्हणजे अपवादास नियमाच्या गादीवर बसविणें होय. तथापि न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जड पाण्यानें मुतखडा होतो असा समज सर्वत्र रूढ असला तरी त्यास म्हणण्यासारखा पुरावा नाहीं; उलट पाणी कमी पिणें हेंच मुतखड्यास अधिक पोषक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंही जडपणास प्रकृतीच्या कारणास्तव कसलीच मर्यादा घातलेली नाहीं. जड पाणी खिशास जाचतें, जिभेस रुचत नाहीं. पण तें सहसा माणूस मारीत नाहीं.

माणूस मारतें तें निराळेंच पाणी, आणि तें दिसण्यांत स्वच्छ व चवीस गोडही असूं शकतें. 2012 सालीं इचलकरंजींत काविळीची सांथ आली व अनेकांचे प्राण गेले. ही हेपॅटायटिस ‘ई’ जातीची कावीळ मैलामिश्रित पाण्यांतून पसरते. शुद्धिकरणयंत्रांचे विक्रेते दारोदार जी कांडी पाण्यांत बुडवून आंकडा दाखवितात, तिला हा विषाणू दिसत नाहीं. ती कांडी केवळ विरघळलेले क्षार मोजते. विंधनविहिरीच्या निर्दोष पाण्यांत ती मोठा आंकडा दाखवील व गटार मिसळलेल्या धरणाच्या पाण्यांत लहान. आणि गृहस्थ त्या लहान आंकड्यावर संतुष्ट होऊन तेंच पाणी मुलांस पाजील. आर. ओ. यंत्राचा तर आणखी एक गुण आहे: तें एक लिटर पाणी देतांना बहुधा दोन-तीन लिटर मोरींत सोडतें. ज्या शहरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या शहरांतच घरोघर हा अपव्यय चालावा, याहून विपरीत तें काय?

ज्यांस यंत्र परवडत नाहीं ते जार विकत घेतात, व ज्यांस जारही परवडत नाहीं ते नळास येईल तें पितात. आमचा मुख्य आक्षेप येथेंच आहे. 1924 सालीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिल्यामुळें 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांस सहस्रावधि लोकांसह तेथें जाऊन ओंजळभर पाणी प्यावें लागलें, आणि हक्काचा निकाल मुंबई हायकोर्टांत लागण्यास 1937 साल उजाडलें. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, हें तत्त्व इतक्या कष्टानें मिळविलें. आतां तो पाणवठा सर्वांस मोकळा आहे, परंतु ज्याच्या अंगीं ऐपत आहे तो त्याच्याकडे पाठ फिरवून निघून गेला आहे. आणि ज्यांचा शब्द नगरसंस्थेच्या सभेंत ऐकला जातो तेच लोक नळाचें पाणी पिईनासे झाल्यावर तें सुधारावें अशी निकड कोणास भासणार?

कायदा याविषयीं मुका नाहीं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 63 व्या कलमानें पाणीपुरवठ्याची वाजवी व पुरेशी तरतूद हें महानगरपालिकेचें आवश्यक कर्तव्य ठरविलें आहे. ‘पुरेशी’ हा शब्द परिमाणाचा मानला तरी ‘वाजवी’ या शब्दांत गुण येतोच. पैसा नाहीं, ही नेहमींची सबब 1980 सालीं रतलामच्या नगरपालिकेनें सुप्रीम कोर्टापुढें मांडली होती. तेथील तंटा गटारें व घाणीचा होता. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं तिजोरी रिकामी असणें हें कर्तव्यांतून सुटका होण्याचें कारण नव्हे, असा निर्णय दिला. 1991 सालीं त्याच कोर्टानें सुभाषकुमार खटल्यांत प्रदूषणमुक्त पाणी हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें म्हटलें. इतकें असूनही पाणी बाटलींत भरून विकणारास अन्नसुरक्षेचा कायदा बांधतो, आणि लाखों लोकांस नळानें पाणी देणारी संस्था मात्र, 2019 सालीं मानक संस्थेनें दिल्ली व राज्यांच्या राजधान्यांतील नमुने तपासून निकाल जाहीर केला तेव्हांही, त्या प्रमाणांनीं बांधलेली नव्हती. त्या परीक्षेंत मुंबईचे सर्व नमुने उतरले, दिल्लीचा एकही उतरला नाहीं. लातूर, इचलकरंजी यांसारखीं शहरें त्या परीक्षेस बसविलींच नव्हतीं.

शुद्धिकरण केंद्रावरचें पाणी उत्तम आहे, असें अधिकारी सांगतील, व तें खरेंही असेल. परंतु केंद्रावर कोणी राहत नाहीं. नमुना घ्यावयाचा तो नळाच्या शेवटच्या टोंकास, जेथें दाब सर्वांत कमी व सांधे सर्वांत जुने आहेत तेथें. त्या टोंकास लिटरमागें किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळें क्लोरिन शिल्लक असलें पाहिजे, व शंभर मिलिलिटर पाण्यांत ई-कोलाय हा मैल्याचा जंतु एकही आढळतां कामा नये. क्लोरिनची परीक्षा तर थेंब टाकून पाण्यास रंग चढतो कीं नाहीं एवढी सोपी आहे. ती शाळेंतील मुलगाही करूं शकेल. असे प्रभागवार आंकडे दरमहा लिहून पाण्याच्या टांकीवर लावलेले आम्हांस क्वचितच आढळतात. माहिती अधिकार कायदा 2005 सालीं झाला असून त्याचें चौथें कलम सार्वजनिक संस्थांस माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्यास सांगतें. कोणी मागण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

तोंपर्यंत नागरिकांनीं दहा रुपयांचें तिकीट लावून अर्ज करावा. गेल्या बारा महिन्यांत आपल्या प्रभागांत किती नमुने घेतले, ते कोणत्या गल्लींतून घेतले, त्यांचा जडपणा, नायट्रेट व शिल्लक क्लोरिन किती भरलें, किती नमुने जंतूंमुळें नापास झाले व नापास झाल्यावर किती दिवसांनीं कोणती नळी दुरुस्त केली, इतकेंच विचारावें. उत्तरास कायद्यानें तीस दिवसांची मुदत आहे. जीं उत्तरें येतील त्यांच्या नकला आमच्याकडे पाठविल्यास प्रभागाच्या नांवासह तीं येथें छापण्यास आम्ही जागा राखून ठेवूं. आणि उत्तर न आल्यास तेंही छापूं.